कार्डावर न बसलेली ओळ

आमची शेती म्हणजे गच्चीवरच्या सहा कुंड्या. चार मिरचीच्या, एक कढीपत्त्याची, एकीत काहीच जगत नाही. तरी माझ्या फोनमध्ये शेतकऱ्यांचा एक ग्रुप आहे. कापगते मॅडमनी मला त्यात टाकलं होतं. मॅडम बदलून गेल्या, ग्रुप चालूच आहे. परवा सकाळी त्यात एक कार्ड आलं. कार्ड म्हणजे सरकारी खातं फोनवर पाठवतं ते रंगीत चित्र. वर मोठ्या माणसाचा हात जोडलेला फोटो, मागे हिरवंगार धान, आणि फोटोतून उरलेल्या जागेत चार ओळींची माहिती. खाली लोकांनीही हात जोडलेली चित्रं टाकली होती. मी फोन कणकेच्या डब्यावर आपटला. सून धावत आली, काय झालं म्हणून. मी काही नाही म्हटलं.

मला बोलता येत नाही. चार माणसांत तर नाहीच. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात अक्षर मात्र बरं वळलं. म्हणून लिहिते. हे कोणाला दाखवायचं नाही.

कापगते मॅडम स्मृती नगरातल्या आमच्या वरच्या खोलीत भाड्याने आल्या, तेव्हा हे इथल्या पोलादाच्या प्लांटमधून नुकतेच रिटायर झाले होते आणि दिवसभर घरात बसून सगळ्यांच्या चुका काढत होते. मॅडम आमच्यासारख्याच मराठी, साकोलीकडच्या. शेतकऱ्यांना गावोगाव जाऊन सल्ला देण्याची त्यांची सरकारी नोकरी. जामुलच्या पलीकडची छत्तीसगढी गावं त्यांच्याकडे होती. बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज घोगरा. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायच्या आणि स्कूटीच्या डिकीत गमबूट ठेवायच्या. लग्न केलं नव्हतं. आमच्या ह्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, कावून नाही केलं. मॅडम म्हणाल्या, "सीझन निघून गेला, भाऊजी." मला तेव्हाच त्या आवडल्या.

त्या माझ्याकडे लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मागायच्या. त्यांच्या खिडकीत अशा नऊ-दहा बरण्या होत्या. कोणात खोडकिडा, कोणात माहू म्हणजे मावा, कोणात करपलेलं धानाचं पान. त्या शेतकऱ्यांना दाखवायला न्यायच्या. एकदा एका बरणीतलं पाखरू सुटून आमच्या देवघरातल्या दिव्याभोवती फिरत बसलं. हे चिडले, घर आहे का अजायबघर, म्हणाले. मॅडम शांतपणे चिमटीत पाखरू धरून वर घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, ह्याची बायको त्याच्यापेक्षा जास्त नुकसान करते, तिले सोडली नाही हे नशीब समजा.

त्यांची मोठी खोड म्हणजे समोरच्याकडून बोलवून घेणं. काही सांगितलं की लगेच म्हणत, "आता तुमी सांगा." दूधवाल्याला उद्या अर्धा लीटर जास्त आण म्हटलं, तरी त्याच्याकडून म्हणवून घेत. तो हसायचा. शेतात तर त्या याशिवाय निघतच नसत. माणसाने मान हलवली म्हणजे त्याला कळलं असं त्या कधीच धरत नव्हत्या. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याने मान हलवली होती आणि घरी जाऊन दवाई दुप्पट टाकली होती, असं त्यांनीच मला सांगितलं.

फोनला त्या नावं ठेवत नव्हत्या, हे लिहिलं पाहिजे. नंतर ऑफिसातले लोक म्हणत होते की मॅडम जुन्या विचाराच्या, त्यांना सोशल मीडिया जमत नव्हता. खोटं आहे. त्यांनी शेतकऱ्यांचा ग्रुप खात्याच्या आदेशाआधी दोन वर्षं बनवला होता. 'कापगते मैडम किसान ग्रुप' असं त्याचं नाव. त्या छत्तीसगढीत बोलून आवाज रेकॉर्ड करायच्या आणि ग्रुपवर टाकायच्या, कारण वाचणारे थोडे होते आणि ऐकणारे सगळे. पण टाकायच्या आधी खाली यायच्या. मी ओट्यावर तांदूळ निवडत असायची. फोन माझ्यासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, वयनी, ऐका आणि काय समजलं ते सांगा.

पहिल्यांदा मला चौथीची परीक्षा परत आली असं वाटलं. त्यात सांगितलं होतं की पाठीवरच्या पंपात दोन ढक्कन दवाई टाका. मी ऐकलं. मग विचारलं, ढक्कन कोणतं, डब्याचं की बाटलीचं? आमच्या घरी दोन्ही आहेत, फिनाइलच्या डब्याचं तर वाटीएवढं आहे. मॅडमनी लगेच रेकॉर्डिंग पुसलं, दवाईच्या बाटलीचं ढक्कन माझ्या हातावर ठेवून त्याचा फोटो काढला आणि नव्याने बोलल्या. माझा तळहात ग्रुपवर गेला. त्या दिवसापासून मी त्यांची परीक्षा घ्यायला लागले असं त्या म्हणत. मला त्याचा अभिमान वाटायचा. ह्यांना मी कधी सांगितलं नाही.

दुपारी फोटो यायचे. पान पिवळं पडलं, मैडम. खोड पोकळ झालं, मैडम. त्या जेवता जेवता उत्तर द्यायच्या, आणि उत्तरावर भरवसा वाटला नाही तर ताट झाकून स्कूटी काढायच्या. बुधारू नावाचा एक म्हातारा शेतकरी होता. तो फोटो काढायचा तो नेहमी स्वतःच्या पायाचा यायचा. मॅडम त्याला फोन करून म्हणायच्या, "कका, गोड़ बने हे, अब धान ला देखा." म्हणजे पाय छान आहे काका, आता धान दाखवा. पलीकडून खो खो हसणं ऐकू यायचं.

मग खात्याने ठरवलं की आता सगळी माहिती वरून येणार. रोज कार्ड येणार आणि ते तासाभरात सगळ्या ग्रुपमध्ये गेलं पाहिजे. गेल्याचा फोटो साहेबाला पाठवायचा. शेतावर गेलात तर शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा, तोही पाठवायचा. मॅडम सकाळी स्कूटी काढायच्या आधी अर्धा तास हेच करत बसायच्या. कार्डं बहुतेक निरुपद्रवी असायची. माती परीक्षण करा, पाणी वाचवा. त्या पाठवून द्यायच्या. म्हणायच्या, "फोटो मोठा, अक्कल बारीक. पण विष त नाही."

विष एका वर्षी आषाढात आलं.

पाऊस लांबला होता. आमच्या ह्या भागात धान दोन तऱ्हेने लावतात. ज्याच्याकडे बोअरचं पाणी आहे तो आधी रोपं तयार करतो आणि मग चिखलात लावतो. ज्याच्याकडे नाही तो पावसाची वाट बघतो, आणि पाऊस उशिरा आला की रोपं करायला दिवस उरत नाहीत. मग तो धान भिजवून मोड आणतो आणि मोड आलेलं धान सरळ चिखलावर फेकतो. याला इकडे लेई म्हणतात. त्या वर्षी बुधारूसारख्या सगळ्यांनी लेई केली होती.

त्याच आठवड्यात तण मारण्याच्या दवाईचं कार्ड आलं. मॅडम नुकत्या गावाहून आल्या होत्या, आमच्या अंगणातल्या नळावर पाय धूत होत्या. कार्ड वाचलं आणि नळ तसाच सोडून ओट्यावर येऊन बसल्या. ती दवाई मोड मारते. गवताचा मोड कोणता आणि धानाचा कोणता, हे तिला कळत नाही. लावलेल्या रोपाला काही होत नाही, कारण ते मोठं झालेलं असतं. डब्यासोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं की फक्त रोपं लावलेल्या धानात टाका. कार्डावर ती ओळ नव्हती. नुसतं लिहिलं होतं, धानात तीन दिवसांच्या आत टाका.

त्यांनी आधी कार्ड बनवणाऱ्यांकडे फोन लावला. हात ओले होते म्हणून फोन स्पीकरवर, माझ्या सुपाशेजारी. तिकडून एक तरुण मुलगा बोलला. आवाज गोड होता. तो म्हणाला, "मैडम, वो लाइन डालने से ऊपर का फोटो छोटा हो रहा था."

मला आजही तो आवाज ऐकू येतो. त्याला काही वाटलं नाही. तो खरं तेच सांगत होता.

मग मॅडमनी त्यांच्या वरच्या साहेबाला तसाच स्पीकरवर फोन लावला. मी समोरच बसले होते, एक हात लांब. मॅडमनी सांगितलं की सर, ओळ सुटली आहे, आणि ह्या वर्षी अर्ध्याहून जास्त लोकांनी लेई केली आहे, सगळा मोड मरेल. साहेब म्हणाले, "मैडम, ऊपर से आया है तो सोच-समझकर आया होगा. आप फॉरवर्ड कीजिए." मॅडम म्हणाल्या, मी नाही करणार. साहेब म्हणाले, "स्क्रीनशॉट शाम तक चाहिए," आणि फोन ठेवला.

मॅडमनी कार्ड पाठवलं नाही. त्यांनी आवाज रेकॉर्ड केला: लेई वाले मन ए दवई ला झन डारव, लेईवाल्यांनी ही दवाई टाकू नका. मला ऐकवला. मी म्हणून दाखवलं. मग ग्रुपवर टाकला आणि भाकर खायला वर गेल्या.

साहेब त्या ग्रुपात होते. आदेशच होता की प्रत्येक ग्रुपात एक अधिकारी हवा आणि त्याच्याकडे कोणाचंही टाकलेलं पुसण्याचे अधिकार हवेत. संध्याकाळी त्यांनी मॅडमचा आवाज काढून टाकला. ज्यांनी दुपारी ऐकला त्यांनी ऐकला, बाकीच्यांना तिथे काही उरलं नाही. आणि त्यांनी स्वतः ते कार्ड टाकलं. शेतकऱ्याला कोण कोणाच्या नंबरवरून टाकतं ते काय कळणार. ग्रुपच्या नावात कापगते मैडम होत्या. त्यांच्यासाठी मॅडमच बोलल्या.

मॅडमना हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. त्या तशाच निघाल्या, दारोदार फिरल्या. काही जण वाचले. बुधारूकडे पोचल्या तेव्हा तो पंप धुऊन उलटा ठेवत होता.

आठ दिवसांनी तो आमच्या घरी आला. जामुलहून बसने आला होता, धुतलेला सदरा घालून. मॅडम खाली उतरल्या. मी पाणी आणलं, त्याने घेतलं नाही. त्याने खिशातून फोन काढला, ह्या वेळी फोटो धानाचाच होता. रिकामा चिखल, मध्ये पाणी. तो ओरडला नाही. म्हणाला, "तोर ग्रुप मा आय रिहिस, मैडम. तेखर सेती डारेंव."

तुझ्या ग्रुपात आलं होतं, म्हणून टाकलं. दुसऱ्या कोणाचं असतं तर टाकलं नसतं, असा त्याचा अर्थ होता, आणि मॅडमना तो पूर्ण कळला. त्यांनी साहेबाचं नाव घेतलं नाही. वरून आलं म्हणून सांगितलं नाही. म्हणाल्या, हाव कका, माझ्याच ग्रुपात आलं. तो गेल्यावर त्या ओट्यावर बसून माझ्या निवडलेल्या तांदळातून पुन्हा खडे शोधत राहिल्या. त्यांना नोकरीचं काही नव्हतं. नोटिसा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. पण त्या सांगतात ते लोक करतात, एवढीच त्यांची वीस वर्षांची कमाई होती, आणि ती साहेबाने त्यांच्याच नावाखाली बसून एका संध्याकाळी उडवली.

ओरड झाली तेव्हा खात्याने कार्ड काढून टाकलं. त्याच जागी नवीन आलं. ओळ होती. फोटो छोटा झाला नव्हता, अक्षरं बारीक केली होती.

मग चौकशी. साहेब आले आणि जिल्ह्याच्या ऑफिसातून, दुर्गहून, त्यांच्याही वरचे एक आले. मॅडमच्या खोलीत एकच खुर्ची, म्हणून आमच्या बैठकीत बसले. मी चहा केला. दुर्गचे साहेब सभ्य होते, मला नमस्ते केलं. त्यांचं म्हणणं असं की ग्रुप मॅडमच्या नावाचा, तर त्यातल्या मजकुराची जबाबदारी मॅडमची. चूक दिसली होती तर वर का कळवली नाही? मॅडम म्हणाल्या, कळवली होती, कार्ड आलं त्याच दुपारी, फोनवर. साहेबांनी कपाकडे बघत सांगितलं की फोन आला होता, पण तो स्क्रीनशॉटसाठी वेळ मागायला. ओळीबद्दल काही बोलणं झालं नाही.

मॅडम म्हणाल्या, "ये वयनी सामने बैठी थीं. सब सुना है. इनसे पूछिए."

दुर्गचे साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हाँ बहन जी, बताइए."

माझ्या हातात ट्रे होता. मला एक एक शब्द पाठ होता. आजही आहे. तेवढ्यात हे हसून म्हणाले, "ये क्या बताएँगी साहब, चौथी तक पढ़ी हैं. खेती-वेती की बात इनको कहाँ समझ में आती है." दोघे साहेब हसले. एकाने कागदावर काहीतरी लिहिलं. मी ट्रे घेऊन आत गेले आणि गॅस पेटवला. गॅसवर काही ठेवायचं नव्हतं.

ह्यांनी नंतर समजावलं की लफड्यात पडायचं नसतं, सरकारी माणसं आहेत, आपलं काय जातं. चाळीस वर्षं मी ह्यांचं ऐकत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला ह्यांच्या पानात वाढणं जड गेलं. आणि त्यांच्यावर रागावून सुटताही येईना. तोंड त्यांनी धरलं नव्हतं. ते माझ्याच चेहऱ्यावर होतं.

दोन दिवस मी वर गेले नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमच खाली आल्या, मीठ मागायला. मी मीठ दिलं. त्या निघेनात. म्हणाल्या, "वयनी, त्या दुपारचं तुमाले सगळं समजलं होतं ना?"

मी हाव म्हटलं.

"तेवढंच पाहिजे होतं मले. मीच त चुकीचं ऐकलं का काय, असं वाटून राहिलं होतं."

मी विचारलं, माझ्यावर रागावत कावून नाही तुम्ही? तर म्हणाल्या, "तुमच्यावर रागावली त तो साहेब सुटते. माझा राग काही तेवढा जास्त नाही, दोघांत वाटायले."

बदलीचा आदेश फोनवरच आला. कागद नंतर. दूरचा जिल्हा, ऑफिसात टेबल. गावं नाहीत, शेत नाही. कोणतं कार्ड किती लोकांनी पाहिलं, किती जणांनी अंगठा दाखवला, त्याचा तक्ता रोज भरायचा. हे ज्याने ठरवलं त्याला आपण काय करतो ते पक्कं माहीत होतं, असं मला वाटतं. सोमवारी हजर व्हायचं होतं.

रविवारी सकाळी त्या गमबूट घालून खाली आल्या आणि म्हणाल्या, "चलता का?" मी ह्यांना न विचारता चप्पल घातली.

बोअरवाल्या शेतकऱ्यांकडे लावून उरलेली रोपं होती. इकडे त्याला थरहा म्हणतात. मॅडमनी आठवडाभर फिरून ती मागून ठेवली होती. जरा वाढलेली होती, पण चालणार होती. दवाई टाकलेल्या जमिनीत रोपांना काही होत नाही, हे त्यांनी मला स्कूटीवर सांगितलं, आणि एवढ्या कडवटपणे हसल्या की स्कूटी हलली. बुधारूच्या शेतात गावच्या दहा-बारा बाया चिखलात उतरल्या होत्या. एका जणाने फोन वर धरला, मैडम फोटो, म्हणून. मॅडम म्हणाल्या, फोन ठेव आणि हात लाव. त्याने ठेवला.

बुधारू बांधावर उभा होता. मॅडमशी बोलत नव्हता. त्याने ग्रुप सोडला होता, आणि त्याच्या मागे अर्धं गाव. मी साडी खोचून उतरले. लहानपणी गोंदियाकडे रोवणी केली होती, हात विसरले नव्हते. माझं काम पेंढ्या सोडवून देण्याचं होतं. मी मॅडमच्या मागे होते. थोड्या वेळाने बुधारू बांधावरून बाकीच्यांना ऐकू जाईल असं बोलला. शहरातल्या लोकांना काय, एक बोट दाबलं की आमचं शेत गेलं, असं काहीतरी. मॅडम खाली वाकून लावत राहिल्या.

मग मी बोलले. कसं ते मला माहीत नाही. हिंदी, मराठी, छत्तीसगढी, जे तोंडात आलं त्यात. त्या बायांसमोर, चिखलात उभं राहून सांगितलं की कार्ड मॅडमनी टाकलं नाही, साहेबाने टाकलं. मॅडमनी फोन करून सांगितलं होतं की मोड मरेल. साहेबाला माहीत होतं. मी समोर बसले होते, मी ऐकलं. तो मुलगा फोटो छोटा होत होता म्हणाला, तेही सांगितलं. बाया थांबल्या. माझा आवाज एवढा मोठा असेल हे मला ठाऊक नव्हतं.

बुधारूने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जाँच वाले मन ला बताएव, बहिनी?"

चौकशीवाल्यांना सांगितलं का, असं. मी नाही म्हटलं.

"त उहाँ काबर नइ बोलेव?"

मग तिथे का नाही बोललात, हे त्याने टोमण्याने विचारलं नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी हातातली पेंढी सोडत होते, गाठ सुटत नव्हती. शेवटी तो बांधावरून उतरला, चपला काढल्या आणि मॅडमच्या डाव्या बाजूला, दोन हात सोडून, लावायला लागला.

मॅडमनी वर पाहिलं नाही. त्याच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चिखलाने भरल्या होत्या. वाकलेल्या तशाच त्यांनी उजवा हात मागे केला, रिकामा, पंजा उघडा.

"थरहा द्या, वयनी," म्हणाल्या. "उन्हात सुकून राहिला."